ताईंचं पातेलं

चौकातल्या ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खिडकीशी एक खुर्ची आहे. काकू कित्येक वर्षं त्या खुर्चीत बसून रफू करत आल्या आहेत. कसरीनं खाल्लेली शाल, सिगारेटनं भोक पडलेला कोट, खिळ्याला अडकून टरकलेली पॅंट, सगळं त्यांच्याकडं येतं. कापडाच्याच आतल्या कडेतून धागा उसवून घ्यायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत न्यायचा. मालक गिऱ्हाइकापुढं कोट पसरतो आणि म्हणतो, "शोधा बघू, कुठं फाटला होता!" गिऱ्हाईक डोळे फाडफाडून बघतं, आणि काकू मान खाली घालून गालातल्या गालात हसतात. आयुष्यात गर्व म्हणून काय तो एवढाच.

नेमका त्या गर्वालाच धक्का लागला आणि काकूंनी ताईंशी बोलणं टाकलं.

ताई म्हणजे थोरली जाऊ. दोघी भाऊ-भाऊ असलेल्या दोघांना दिलेल्या. पुढं ते भाऊ एकामागोमाग गेले, आणि मागच्या बाजूला परस असलेल्या त्या तळमजल्यावरच्या घरात दोघी जावा, ताईंचा मुलगा आणि त्याची बायको एवढीच माणसं उरली. काकूंना मूलबाळ नव्हतं. ताईंचा मुलगा त्यांचाही मुलगाच होता. लहानपणी तो पडला की ज्या दिशेला पडला असेल तिकडच्या बाईकडं रडत जायचा, एवढाच काय तो आईत आणि काकूत फरक.

स्वयंपाक दोघींनी एकाच ओट्यावर केला. ताई मोजक्या बोलायच्या. काकूंचा हात मिठाच्या बरणीकडं दुसऱ्यांदा गेला की त्या तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, मनगटावर दोन बोटं टेकवायच्या. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. काकूंना त्याचा रागही यायचा आणि सवयही झाली होती.

मग ते कोटाचं झालं. मुलाच्या कोटाला काकूंनी बाहीवर रफू केलं होतं. घरी पाहुणे होते. ताई बाही उजेडात धरून म्हणाल्या, "दिसतंय गं इथं." बस, एवढंच. पाहुणे हसले. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अबोला. घरातल्या घरात निरोप सुरू झाले. "तुझ्या काकूला सांग, दूध उतू जाईल." "आईंना सांग, मला दिसतंय." मध्ये उभी सून बिचारी टपालखात्यासारखी निरोप पोचवायची आणि नवऱ्यापाशी हसायची. आठ-दहा दिवस गेले. आता बोलू, उद्या बोलू, असं काकूंच्या मनात रोज येत होतं. पण आधी कोणी बोलायचं?

त्या सकाळी काकू दुकानात होत्या. शेगडीची रबरी नळी मागच्या बाजूनं केव्हाची चिरलेली होती, दार बंद, खिडकी बंद, आत गॅस साचलेला. ताई आत गेल्या आणि त्यांनी लायटर ओढला.

दवाखान्यात त्या दोन दिवस होत्या. बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्याच. काकू खाटेशी उभ्या राहिल्या. हात हातात घ्यावा म्हटलं, तर दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. शेवटी त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीला धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणायचं होतं ते तोंडाशी येऊन परत जात होतं. पट्ट्यांमागून ताईंना ऐकू येतंय की नाही, तेही कुणी सांगितलं नाही.

ताई गेल्यावर पुतण्यानं घरात जाळ म्हणून ठेवला नाही. देवळीतली काडेपेटीसुद्धा फेकली. सिलिंडर गेला, शेगडी गेली, भिंतींना नवा रंग लागला, तरी कोपऱ्यात छताजवळ काळसर सावली परत वर आलीच. थोडे दिवस डबा आणला, मग पुतण्या दोन चुलींची विजेची इंडक्शन शेगडी घेऊन आला. काळी कुळकुळीत काच, कडेला स्टीलची पट्टी. दुकानदार म्हणाला होता, फक्त प्लग लावा आणि शिजवा. फ्रिज आणि मिक्सर ज्या बोर्डावर चालत होते, त्याच बोर्डाला पुतण्यानं प्लग लावला.

पण त्या काचेवर सगळी भांडी चालत नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. सुनेनं फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं आणि एकेका भांड्याला लावून बघितलं. ॲल्युमिनियमचं नाही, पितळेचं नाही, तांब्याचं तर नाहीच. निम्मं घर माळ्यावर गेलं. जुन्यातलं एकच चिकटलं, ताईंचं जाड बुडाचं मोठं पातेलं. त्या दिवशी ते वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलेलं. चुंबक त्याला टक्‌कन बसलं, तशी सून दचकली. काकूंनी ते हातातून घेतलं, धुतलं आणि काचेवर ठेवलं.

पहिल्याच दिवशी काकू दूध तापवत होत्या. जाळ नाही, आवाज नाही, नुसती पंख्यासारखी बारीक घरघर. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. दूध वर येतंय का बघायला त्यांनी पातेल्याच्या काठाला बोटं लावली.

आणि बोटांवर कुणीतरी बोटं टेकवली.

चटका नव्हे. चटका त्यांना ठाऊक होता. हे बारीक होतं, थरथरतं, मुंग्यांसारखं. बोटांतून मनगटापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. काकूंनी हात मागं घेतला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्या वळून बघणार होत्या, पण मानच वळेना. दूध उतू गेलं, काचेवर पसरलं, शेगडी टूं टूं करून आपणच बंद पडली.

"काय झालं काकू?" सून धावत आली.

"काही नाही. लक्ष नव्हतं."

मग ते रोजचंच झालं. कधी लागायचं, कधी नाही. पुसल्या फरशीवर हमखास. काकूंना आधी भीती वाटली, रात्ररात्र डोळा लागेना. मग हळूहळू त्या वाट बघायला लागल्या. दुकानातून आल्या की पाय धुवून तशाच ओल्या पायांनी ओट्याशी जायच्या. काम दुधाचं असो की नुसत्या पाण्याचं, पातेलं चढायचं. लोकांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात, काकूंचा खरोखरच त्या भांड्यात अडकला होता.

आणि त्या बोलायला लागल्या. पहिल्यांदा नुसतंच, "दूध आलंय." मग, "आज मालकानं दुपारी लवकर सोडलं." मग एकदा, पुतण्या आणि सून बाहेर गेलेले असताना, "ताई, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. दिसत होतं ते. घाईत केलं होतं मी." बोटांखाली झिणझिणलं. काकू पदरानं डोळे पुसत किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मीठ घालताना तर त्या मुद्दाम दुसऱ्यांदा बरणीकडं हात न्यायच्या.

इकडं पुतण्याची वेगळीच कटकट चालली होती. शेगडी चालू असताना फ्रिज सुरू झाला की दारामागच्या पेटीतलं बटण खाड्‌कन पडायचं आणि घर अंधारात. त्यानं ओळखीच्या कुणाला तरी बोलावलं, तो पाच मिनिटांत मोठं बटण बसवून गेला. पडायचं थांबलं. पण स्वयंपाकघरात कसलातरी वास यायला लागला. कुजक्या मासळीसारखा. सुनेनं फ्रिज रिकामा करून धुतला, मोरी घासली. वास जाईना.

"आई गेल्यापासून या खोलीत काहीतरी आहे," ती एकदा नवऱ्याला हळूच म्हणाली. काकू दाराआड होत्या. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. म्हणजे हिलाही कळतंय.

एका संध्याकाळी सून ओट्याशी होती. पातेल्यात बटाटे उकडत होते. एका हातानं तिनं पातेलं सरकवलं, दुसरा हात भिजलेला, नळावर. ती किंचाळली आणि मागं फेकल्यासारखी फ्रिजवर आदळली. पातेलं कलंडलं, उकळतं पाणी तिच्या पायापासून वीतभर लांब सांडलं.

"कुणीतरी ओढलं मला!" ती रडत म्हणाली. "काकू, हात धरून ओढलं!"

सुनेला ताईंनी स्वतः पसंत केलं होतं. लग्नानंतर वर्षभर तिला गरम भांडं उचलू दिलं नव्हतं त्यांनी. ताई हिला ओढतील? उकळत्या पाण्यात? मग एवढे दिवस ज्या बोटांशी आपण बोलत होतो ती कुणाची? की ताईच, पण रागावलेल्या? आपल्यावरचा राग हिच्यावर? सुनेचा हात चोळता चोळता काकूंची नजर पुन्हा पुन्हा त्या कलंडलेल्या पातेल्याकडं जात होती. ते जमिनीवर तोंड करून गप पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं रीतसर वायरमन आणला. जाडजूड, टक्कल पडलेला, अखंड बडबड्या माणूस. भिंतीशी बोलायची त्याला सवय होती. बोर्डाजवळ गेला आणि नाक वर करून म्हणाला, "मासे कुणी आणले?"

"तोच वास!" सून म्हणाली. "आम्ही सगळं धुतलं."

"मासे भिंतीत आहेत." त्यानं मेन बंद करून बोर्ड उघडला. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, तारेचं आवरण कोळशासारखं ठिसूळ. "हे बघा. हे तापून जळतं तेव्हा असाच वास मारतं. ही तार दिव्या-पंख्याची, दोऱ्याएवढी. हिच्यावर फ्रिज, आणि वर ही शेगडी. दोन्ही चुली पुऱ्या लावल्या तर साडेतीन हजार वॅट ओढते ही! बटण पडत नव्हतं?"

"पडायचं. म्हणून मोठं बसवून घेतलं," पुतण्या म्हणाला.

वायरमननं कपाळावर हात मारला. "अहो, ते पडत होतं म्हणून घर उभं होतं. ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडलात तुम्ही. आणखी थोडे दिवस गेले असते तर भिंतीतच पेटलं असतं."

पेटलं असतं, हा शब्द खोलीत पडला. पुतण्याची नजर छताजवळच्या काळ्या कोपऱ्याकडं गेली. वायरमनलाही तो कोपरा दिसला. त्याची बडबड थांबली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि बाईंना झटका बसला तो?"

त्यानं जळकी टोकं कापून तात्पुरती जोडली, मेन लावला, पातेल्यात पाणी घालून काचेवर ठेवलं आणि काठाला टेस्टर टेकवला. टेस्टरच्या पोटात नारिंगी ठिणगीएवढा दिवा लागला. काकू भिंतीला टेकल्या. एवढे दिवस जे बोटांना कळत होतं ते डोळ्यांना दिसत होतं.

"या घराला अर्थिंगच नाही," तो म्हणाला. "बोर्डातली तिसरी तार आहे, पण पुढं कुठंच जात नाही, वळकटी करून भिंतीत कोंबलीय. तुमच्या जुन्या फ्रिजमधून थोडी वीज गळते. ती जमिनीत उतरायला पाहिजे. वाट नाही, म्हणून त्या तारेनं शेगडीच्या या पट्टीत येते. पातेलं मोठं, पट्टीला टेकतं. पातेल्यातून माणसात. कोरडं असलं तर झिणझिण्या, ओल्या हातानं नळ धरला तर झटका."

"म्हणजे..." काकूंनी पातेल्याकडं बोट केलं. "म्हणजे ते कुणी नव्हतं?"

वायरमननं त्यांच्याकडं बघितलं. मग पातेल्याकडं. मग पुन्हा त्या काळ्या कोपऱ्याकडं. "काकू," तो म्हणाला, "मला एवढंच कळतं, की इथं अर्थिंग नव्हतं."

उद्या येऊन सगळं नवं करतो, तोवर या बोर्डाला हात लावायचा नाही, असं बजावून तो गेला. सून माहेरून आलेल्या फोनवर बाहेर बोलत बसली. आणि मग काकूंनी पुतण्याला सगळं सांगितलं. मनगटावरची बोटं, रोजचं बोलणं, कोटाची बाही. तो खाली बघून ऐकत राहिला. हसला नाही, समजूतही घातली नाही. नुसतं म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं?"

सकाळी काकू उठल्या तेव्हा स्वयंपाकघरातून घरघर ऐकू येत होती. खिडकीतून नुकतं उजाडत होतं. पुतण्या ओट्याशी पाठमोरा उभा होता. पातेलं काचेवर, त्याचा तळवा पातेल्याला.

काकूंनी ओरडायला हवं होतं. कालच झटका बसलेला, वायरमननं बजावलेलं. पण त्या दाराशीच थांबल्या.

"काकू," तो न वळता म्हणाला, "मला काहीच लागत नाही."

त्याचा आवाज लहानपणी पडल्यावर यायचा तसा होता. काकूंनी त्याच्या पायांकडं बघितलं.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या.

त्यानं रबरी चपला बाजूला सारल्या. अनवाणी उभा राहिला, बोटं टेकवली. त्याचे खांदे एकदम ताठ झाले, मग सैल पडले. काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं ते काय आहे. काल दिवा लागलेला बघितला होता. फ्रिजमधली गळती. तरी त्यांच्या तोंडून गेलं, "बोल काय बोलायचं ते. ऐकून घेतात, उत्तर देत नाहीत."

त्यानं पातेल्यात वाकून बघितलं. मग म्हणाला, "आई, मला चष्मा लागला."

एवढंच. मग त्यानं हात काढला, बटण बंद केलं, आणि तोंडावर पाणी मारायला निघून गेला. काकू पुढं झाल्या. शेगडी बंद होती, पण फ्रिजची घरघर चालू होती. त्यांनी काठाला बोटं लावली. लागलं. "येते मी," असं काहीतरी त्या म्हणाल्या, खरं तर जाणारी दुसरीच होती.

वायरमन आला तो सामानाचं पोतं घेऊनच. दारामागच्या पेटीपासून ओट्यापर्यंत त्यानं शेगडीसाठी स्वतंत्र लाइन ओढली, जाड तांब्याची. तिला तिचं वेगळं बटण, आणि गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करणारं आणखी एक. फ्रिजला दुसरा बोर्ड. "वीज कंपनीत अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्या," त्यानं पुतण्याला सांगितलं. "नाहीतर घर सुधारलं आणि मीटर जळला, असं व्हायचं."

मग तो परसात गेला आणि खड्डा खणायला लागला. चांगला माणूसभर खोल. काकू दारातून बघत होत्या. माती बाहेर येत होती, त्याचं डोकं खाली खाली जात होतं. त्यानं तांब्याची पट्टी उभी सोडली, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थराथरानं टाकलं, पट्टीला तार जोडून ती घरात घेतली, वर माती लोटली आणि मध्ये पाण्यासाठी एक नळी ठेवली.

"झालं," हात झटकत तो म्हणाला. "आता काय गळायचं ते इकडं उतरेल. घरात नाही फिरणार."

"इथं?" काकूंनी विचारलं. "इथंच राहणार?"

तो काहीतरी गंमत करणार होता बहुतेक. काकूंचा चेहरा बघून थांबला. "हो काकू. इथंच. फक्त खड्डा कोरडा पडू देऊ नका. ऊन वाढलं की या नळीत तांब्याभर पाणी घालत जा."

त्या संध्याकाळी सुनेनं भीतभीत पातेलं चढवलं. वायरमननं टेस्टर लावून दाखवला होता, दिवा लागला नव्हता. वास गेला होता. काकूंनी पाय धुतले, ओल्या पायांनी ओट्याशी आल्या आणि काठाला बोटं लावली. गरम होतं. दुसरं काही नाही. त्यांनी बोटं भाजेपर्यंत ठेवली.

"काकू, हात!" सुनेनं त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. तिचा हात ऊबदार होता, घट्ट होता. काकू तिच्याकडं बघत राहिल्या, जणू इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच दिसत होती. मग म्हणाल्या, "मीठ तू घाल आजपासून. मला अंदाज येत नाही."

आता काकू स्वयंपाकघरात बोलत नाहीत. दुकानातून आल्या की चपला काढून थेट परसात जातात, हातात तांब्या. वायरमननं उन्हाळ्यापुरतं सांगितलं होतं, त्या बारा महिने घालतात. पावसात परस तुडुंब भरलेलं असतानाही छत्री धरून नळीत पाणी ओतताना शेजाऱ्यांनी त्यांना पाहिलंय. काय बोलतात ते लांबून ऐकू येत नाही. एकदा सुनेनं नवऱ्याला खिडकीतून खुणावलं, "बघा ना, भिजताहेत."

तो चष्मा पुसत होता. "असू दे," म्हणाला. आणि पावसाचं पाणी आत येत होतं तरी खिडकी उघडीच ठेवून तिथं उभा राहिला.